‘नगण्य’ कशाच्या मानाने?



शालेय विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून जाण्याचा योग मला बहुतेक दरवर्षी येतो. पूर्वी तेथे ज्वालामुखी आणि पवनचक्की हे दोन हमखास दिसणारे देखावे असत. अलीकडे त्यांच्या पंगतीला तिसरा येऊन बसला आहे. लाकडी पेटीत नीट बसवलेले चार चौकोनी लिथियम घट, शेजारी इन्व्हर्टर, वर सौर पट्टी आणि मागे तक्ता : ‘घरगुती वीज साठवण’. मुले उत्साहाने माहिती देतात. घटांची धारकता किती, ते किती वेळा भारता येतात, त्यांत लोह आणि फॉस्फेट का असते, लिथियम-आयन घटांच्या कामासाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक कोणाकोणाला मिळाले, सारे मुखोद्गत असते. मी ऐकून घेतो आणि पेटीच्या मागच्या बाजूस डोकावतो. घट आणि इन्व्हर्टर यांना जोडणारी तार पाहतो आणि विचारतो, “ही तार कोणी निवडली?”

उत्तर बहुधा एकच असते. “सर, घरात होती.”

या उत्तराबद्दल मी गुण कापत नाही. दोष मुलांचा नाही, माझ्यासारख्या शिकवणाऱ्यांचा आहे. आम्ही फळ्यावर घट काढतो, दिवा काढतो, कळ काढतो आणि त्यांना खडूच्या सरळ रेघांनी जोडून मोकळे होतो. वर सांगतो, “तारेचा रोध नगण्य माना.” पंचेचाळीस मिनिटांच्या तासिकेत तेवढेच शक्य असते. पण नगण्य म्हणजे कशाच्या मानाने नगण्य, हा प्रश्न वर्गात कोणी विचारत नाही आणि आम्हीही तो होऊन काढत नाही. माझे म्हणणे असे आहे, की घरी बॅटरी बांधू पाहणाऱ्या मुलांना याच एका अनुत्तरित प्रश्नाची सर्वांत मोठी किंमत मोजावी लागते.

प्रथम फळ्यावरचा दिवा घेऊ. विजेरीचा लहान दिवा २.५ व्होल्टवर ०.३ अँपिअर प्रवाह घेतो. म्हणजे त्याचा रोध झाला साधारण ८ ओहम. एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तांब्याच्या एक मीटर तारेचा रोध ०.०१७२ ओहम असतो. हा आकडा पाठ करून ठेवण्याजोगा आहे. पुढचे सारे गणित त्यावरच चालते. दिव्याच्या मानाने तारेचा रोध जवळजवळ पाचशेवा हिस्सा. येथे नगण्य म्हणणे अगदी रास्त आहे.

आता प्रदर्शनातली पेटी घ्या. चार लोह-फॉस्फेट घट एकापुढे एक जोडले की १२.८ व्होल्ट होतात. त्यावर १००० वॅटचा इन्व्हर्टर लावला आणि तो पूर्ण भाराने चालवला, तर बॅटरीतून किती प्रवाह निघेल? हजार भागिले बारा, म्हणजे ८३ अँपिअर. इन्व्हर्टर स्वतःही थोडी शक्ती खातो, म्हणून प्रत्यक्षात प्रवाह नव्वदीच्या पुढे जातो. हिशेबाला सोपा म्हणून आपण तो १०० अँपिअर धरू. बारा व्होल्ट आणि शंभर अँपिअर, म्हणजे बॅटरीच्या दृष्टीने समोरच्या भाराचा रोध अवघा ०.१२ ओहम! विजेरीच्या दिव्याच्या सुमारे सत्तरावा हिस्सा. घरात पडलेली चार चौरस मिलिमीटरची तार जाऊन येऊन चार मीटर लागली, तर तिचा रोध ०.०१७२ ओहम होतो. हे भाराच्या १४ टक्के झाले. जो रोध मघाशी पाचशेवा हिस्सा म्हणून आपण सोडून दिला होता, तोच येथे सातवा हिस्सा होऊन बसला. तार तीच, तांबे तेच. फक्त समोरचा भार बदलला.

या तारेत पावणेदोन व्होल्ट गळतात आणि १७२ वॅट उष्णता तयार होते. म्हणजे दर मीटरला ४३ वॅट. साध्या पीव्हीसी वेष्टनाच्या तारेत तांब्याचे तापमान ७० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ नये असे धरलेले असते. शंभर अँपिअरला ही तार त्या मर्यादेत राहणार नाही. पंचवीस चौरस मिलिमीटरची केबल घेतली, तर तेवढ्याच अंतरात पाव व्होल्टाहून किंचित अधिक गळती आणि साडेसत्तावीस वॅट उष्णता, तीही चार मीटरभर पसरलेली. हात लावला तर कोमट लागेल.

येथे एखादा चौकस विद्यार्थी म्हणेल, “आमच्या घरी तर १००० वॅटची इस्त्री बारक्या तारेवर वर्षानुवर्षे चालते.” चालते खरी. २३० व्होल्टला हजार वॅट म्हणजे साडेचार अँपिअरसुद्धा नाही. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. शंभर अँपिअर आणि साडेचार अँपिअर यांच्या वर्गांत सुमारे पाचशे पट फरक आहे. म्हणूनच शक्ती मोठी असेल तर घट चाराऐवजी सोळा जोडून ५१.२ व्होल्टची बॅटरी करतात. प्रवाह चौथाई होतो, तारेतली उष्णता सोळावा हिस्सा. मात्र व्होल्ट वाढले की धक्क्याचा आणि ठिणगीचा धोकाही वाढतो. शाळकरी मुलांनी बारा व्होल्टच्या पुढे जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तारेचा हा हिशेब एकदा कळला की सोपा आहे. मला अधिक सांगायचे आहे ते तारेच्या टोकाविषयी.

त्यासाठी स्वतःची फजिती सांगतो. २००६ साली मुंबईबाहेरच्या महाराष्ट्रात भारनियमनाने लोक हैराण झाले होते. आमच्या घरी धाकट्या भावाचे बारावीचे वर्ष. वडिलांनी इन्व्हर्टर घेतला. बॅटरी बसवण्यासाठी केबल थोडी लांब हवी होती. मी दोनच वर्षांपूर्वी एम्. एस्सी. होऊन आलेलो, वायरमनला कशाला बोलवायचे, या ऐटीत मी बाजारातून केबल आणि लग आणले. लग म्हणजे तारेच्या टोकाला बसवतात ती तांब्याची नळी, पुढे चपटी आणि बोल्टसाठी भोक असलेली. आमच्याकडचे काही वायरमन तिला थिंबल म्हणतात. मी तार नळीत सारली, ती फरशीवर ठेवली आणि हातोड्याने ठोकून चपटी केली. ओढून पाहिली, निघाली नाही. काम फत्ते.

पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात इन्व्हर्टर पाऊण तासातच शिट्टी देऊन बंद पडू लागला. दुकानदाराने बॅटरी गेली असे निदान केले. वडिलांनी मुकाट्याने पैसे काढून नवी बॅटरी आणली. आठवडाभरात पुन्हा तेच! एका रात्री जळका वास आला तेव्हा मी बॅटरीची पेटी उघडली. धन टोकाच्या लगापासून चार बोटे अंतरापर्यंत केबलचे वेष्टन मऊ होऊन तपकिरी पडले होते. बॅटरी कधीच बिघडली नव्हती. जुनीही नाही आणि नवीही नाही.

तो लग मी फेकला नाही. पुढे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत त्यातून १० अँपिअर प्रवाह सोडून मोजले, तेव्हा तार आणि लग यांच्यामध्ये १८० मिलिव्होल्ट विभवांतर मिळाले. म्हणजे त्या एका जोडाचा रोध १८ मिलिओहम होता. घरी पंखे, दिवे आणि टीव्ही मिळून ३५ अँपिअर जात असत. गुणाकार करून पाहा : सहा दशांश व्होल्टाहून अधिक गळती आणि बावीस वॅट उष्णता. बारा व्होल्टचा इन्व्हर्टर बॅटरी साधारण साडेदहा व्होल्टपर्यंत उतरली की बंद होतो. तो बिचारा स्वतःच्या दारात येणारे व्होल्ट मोजतो. वाटेत किती गळले हे त्याला कसे कळावे? बॅटरीत वीज शिल्लक असताना तो ‘संपली’ म्हणून शिट्टी देत होता.

बावीस वॅट ऐकायला फार वाटत नाहीत. पण प्रयोगशाळेतली २५ वॅटची सोल्डरिंग इस्त्री आठवा. तेवढ्याच शक्तीवर तिचे टोक सोल्डर वितळवते, म्हणजे १८३ अंशांच्या वर जाते. चार मीटर केबलभर पसरलेले बावीस वॅट आणि अंगठ्याएवढ्या नळीत कोंडलेले बावीस वॅट यांत हाच फरक आहे.

असे का व्हावे? ओढून न निघणाऱ्या जोडाचा रोध एवढा का असावा? तांब्याचे दोन गुळगुळीत पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले तरी ते सर्वत्र टेकत नाहीत. सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर ते डोंगराळ प्रदेशासारखे असतात, आणि दोन उपडे डोंगर जसे शिखरांवरच भेटतील तसे ते मोजक्या ठिपक्यांवर टेकतात. सारा प्रवाह त्या ठिपक्यांतून दाटीने जातो. स्वीडनचे रॅग्नर होल्म यांनी विद्युत संपर्कांच्या या शास्त्राचा पाया घातला. दाब वाढवला की शिखरे चेपतात, ठिपके मोठे होतात आणि संख्येने वाढतात, रोध घटतो. माझ्या हातोड्याने नळी चपटी झाली, पण आतल्या शेकडो बारीक तारांमध्ये पोकळ्या राहिल्या. तेथे हवा आणि आर्द्रता शिरली, तांब्यावर ऑक्साईडचा थर चढला, ठिपके कमी झाले, उष्णता वाढली, उष्णतेने ऑक्साईड अधिक वेगाने वाढले. जोड एका दिवसात बिघडला नाही. वर्षभर हळूहळू बिघडत राहिला, आणि म्हणूनच कोणाच्या लक्षात आला नाही.

योग्य हत्याराने दाबलेल्या लगात, ज्याला क्रिंपिंग म्हणतात त्यात, दाब एवढा असतो की तारा आणि नळी दोन्ही कायमच्या आकार बदलतात, पोकळ्या जवळजवळ नाहीशा होतात आणि हवेला आत वाट उरत नाही. मोठ्या केबलसाठी षट्कोनी साचे असलेले द्रवदाबाचे हातपंपी यंत्र मिळते. तुम्ही शिकलेला पास्कलचा नियमच त्यात काम करतो. बारीक तारांच्या लाल, निळ्या, पिवळ्या टोपीच्या टोकांसाठी खटकेवाली पक्कड असते. तिचा खटका पुरता दाब बसल्याशिवाय सुटत नाही. माणसाच्या ‘बस झाले आता’ या स्वभावावर तो चांगला उपाय आहे.

चांगला आणि वाईट जोड डोळ्यांनी ओळखता येतो का? बाहेरून नाही. पण एक लग बळी द्यायची तयारी असेल, तर येतो. दाबलेल्या भागावर लोखंड कापण्याच्या करवतीने आडवा छेद घ्या, पॉलिश पेपरने घासा आणि भिंगातून पाहा. नीट दाबलेल्या लगात तारा षट्कोनी होऊन एकमेकींना चिकटलेल्या, जणू मधमाशांचे पोळे. एकसंध तांब्याचा तुकडाच वाटतो. ठोकलेल्या लगात गोल तारा गोलच राहिलेल्या आणि त्यांच्यामध्ये काळी भोके. माझा २००६ चा लग असा कापून मी काचेखाली ठेवला आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाची मुले तो पाहून हसतात. कोणी ठोकला, हे मी शेवटी सांगतो.

येथे शिक्षक मित्र विचारतील, सोल्डर का नाही? इलेक्ट्रॉनिक्सच्या पाटीवर सोल्डरला तोड नाही, हे मान्य. सोल्डरची रोधकता तांब्याच्या आठ-नऊ पट असते खरी, पण त्याचा थर पातळ असल्याने तो मुख्य आक्षेप नव्हे. आक्षेप दोन आहेत. जोड काही कारणाने तापला तर सोल्डर मऊ पडते आणि नेमक्या वाईट वेळी जोड सुटतो. दुसरा असा, की वितळलेले सोल्डर तारांमधून वर चढते, तेवढा भाग काठीसारखा ताठ होतो, आणि केबल हलत राहिली की ताठ आणि लवचीक भागांच्या सीमेवर तारा एकेक करून तुटतात. स्क्रूखाली दाबायच्या टोकाला तर सोल्डर मुळीच लावू नये. ते दाबाखाली महिनोन्महिने हळूहळू सरकते आणि स्क्रू ढिला होतो.

मग कोणी म्हणेल, ते द्रवदाबाचे यंत्र काही हजार रुपयांचे, आणि आम्हांला लग बसवायचे चार! बरोबर आहे. चार लगांसाठी यंत्र घेऊ नका, आणि त्यासाठी हातोडाही उचलू नका. विजेची पॅनेले बनवणाऱ्या कारखान्यात किंवा मोठ्या केबलच्या दुकानात जा. केबल तेथेच कापून लग दाबून मिळतात. तालुक्यातल्या चार शाळांनी मिळून एक यंत्र घेतले तर आणखी उत्तम. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे कपाटात राहणाऱ्या कित्येक वस्तूंपेक्षा त्याचा उपयोग अधिक होईल, असे मी मुख्याध्यापकांच्या एका सभेत बोलून बसलो आणि थोडा अप्रिय झालो.

लग केबलच्या मापाचाच हवा. त्यावर ‘२५-६’ असे कोरलेले असते. पहिला आकडा केबलच्या छेदाचा, चौरस मिलिमीटरमध्ये, दुसरा बोल्टचा, मिलिमीटरमध्ये. लग लहान पडला म्हणून केबलच्या पाच-दहा तारा कापून टाकणारे आणि मोठा पडला म्हणून तार दुमडून घालणारे कारागीर मी पाहिले आहेत. दोघेही हात सफाईने चालवतात, हे विशेष. ‘चार एमएमची वायर’ या बोलण्यानेही घोटाळा होतो. तो व्यास नव्हे, छेदाचे क्षेत्रफळ आहे. जुने वायरमन अजून ‘तीन-वीस’, ‘सात-वीस’ मागतात. म्हणजे वीस गेजच्या तीन किंवा सात तारा. त्यांच्या बोलीत निदान तारा किती ते तरी कळत असे.

आणि वॉशर. लग घटाच्या टोकावर थेट टेकला पाहिजे. वॉशर त्याच्या वर, बोल्टच्या डोक्याखाली. पुष्कळ मुले वॉशर लगाच्या खाली घालतात. स्टेनलेस पोलादाची रोधकता तांब्याच्या सुमारे ४० पट आहे, आणि शिवाय एका संपर्काचे दोन संपर्क होतात.

लिथियम घटांची टोके बहुधा ॲल्युमिनियमची असतात, म्हणून ॲल्युमिनियमविषयी थोडे सांगणे भाग आहे. या धातूवर हवेत लगोलग ऑक्साईडचा थर येतो आणि हा थर विजेचा दुर्वाहक आहे. अमेरिकेत १९६५ च्या सुमारास तांबे महाग झाले तेव्हा घराघरांत ॲल्युमिनियमच्या तारा घातल्या गेल्या. १९७० नंतर तीन-चार वर्षांत ती प्रथा आवरली. तारा ठीक होत्या, जोड बिघडले. तेथील ग्राहकसुरक्षा आयोगाच्या पाहणीनुसार १९७२ पूर्वीच्या ॲल्युमिनियम तारांच्या घरांत एखादा जोड आग लागण्याच्या स्थितीस पोचण्याची शक्यता तांब्याच्या घरांपेक्षा ५५ पट होती. म्हणून घटाची टोके जोडण्याच्या क्षणी बारीक पॉलिश पेपरने घासून, पुसून, लगेच जोड आवळावा, आणि उत्पादकाने सांगितलेल्या पिळानेच आवळावा. जास्त जोर लावून ॲल्युमिनियमचे आटे गेले तर तो घट वाया गेला.

हीच ॲल्युमिनियम तांब्याचा मुलामा घेऊन बाजारात केबल म्हणूनही येते. दिसायला लाल, किमतीला निम्मी. ओळखायची कशी? तराजूने. वेष्टन काढलेली चार चौरस मिलिमीटरची एक मीटर तार शुद्ध तांब्याची असेल तर तिचे वजन पुस्तकी हिशेबाने ३६ ग्रॅमच्या आसपास भरावे. ३१-३२ भरले तरी लगेच फसवणूक म्हणू नका. भारतीय मानक छेदापेक्षा रोधावर बोट ठेवते, आणि या मापाच्या लवचीक तारेला किलोमीटरला ४.९५ ओहमपर्यंत मुभा आहे. पण वजन १४-१५ ग्रॅमच भरले, तर ते तांबे नव्हे. आर्किमिडीजचे तत्त्व शिकवताना मुकुटाची गोष्ट सांगणाऱ्या शिक्षकांनी हा प्रयोग जरूर करून दाखवावा.

जोडण्या-सोडण्याच्या कनेक्टरांबद्दल फार लिहीत नाही. एक-दोन ताकीद पुरे. नावातला आकडा म्हणजे सतत वाहून नेण्याचा प्रवाह असे समजू नका. ड्रोनवाल्या मुलांच्या परिचयाचा पिवळा एक्सटी-साठ सतत प्रवाहासाठी निम्म्याच, म्हणजे ३० अँपिअरच्या मानाने वापरावा. सौर पट्ट्यांचे एमसी-चार कनेक्टर एका कंपनीचे दुसऱ्या कंपनीच्यात बसतात, पण बसतात म्हणजे जुळतात असे नाही. आणि भार चालू असताना ते ओढून काढू नयेत. घरातल्या तीन पिनांच्या प्लगने तर बॅटरी कधीही जोडू नका. तुम्ही नसताना कोणी भला माणूस तो प्लग भिंतीतल्या २३० व्होल्टमध्ये खोचेल.

शेवटचा धोका असा, की बारा व्होल्टचा धक्का बसत नाही म्हणून मुले निर्धास्त होतात. घटांचा अंतर्गत रोध मिलिओहमच्याही अंशात असतो. पान्हा दोन टोकांवर आडवा पडला आणि साऱ्या मंडलाचा रोध ३ मिलिओहम धरला, तर प्रवाह चार हजार अँपिअरच्या वर जातो. बोटातली अंगठी किंवा हातातले कडे मध्ये आले, तर काय होईल ते सांगायला नको. काम करताना ते काढून ठेवा, पान्ह्याच्या मुठीला चिकटपट्टी गुंडाळा, आणि मोठे माणूस जवळ असल्याशिवाय पेटी उघडू नका. धन टोकाजवळच फ्यूज हवा. त्यावर दोन आकडे असतात : न वितळता किती प्रवाह तो सतत वाहून नेईल, आणि जास्तीत जास्त किती प्रवाह तो खरोखर तोडू शकेल. दुसरा आकडा कोणी वाचत नाही. घरातला उलटसुलट प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्य होतो, त्यामुळे कळीतली ठिणगी आपोआप विझते. बॅटरीचा प्रवाह कधीच शून्य होत नाही. ठिणगी लांबत जाते. म्हणून घरातल्या फळीवरचे सर्किट ब्रेकर येथे परस्पर लावू नयेत. एकदिश प्रवाहासाठी बनवलेलेच घ्यावेत.

आता शिक्षकांना एक विनंती. बारावीच्या प्रात्यक्षिकात मीटर सेतूला तांब्याच्या जाड पट्ट्या का असतात, आणि टोकांसाठी दुरुस्ती का करावी लागते, हे आपण सांगतोच. म्हणजे जोडाला रोध असतो हे आपल्याला ठाऊक आहे. फक्त ते बारावीच्या वहीत बंद करून ठेवले आहे. हे ज्ञान नववी-दहावीच्या मुलांपर्यंत यायला हरकत नाही. ‘गोंधळ होईल’ हा आक्षेप मी ऐकला आहे. माझा अनुभव उलट आहे. मुलांचा गोंधळ सूत्रांनी होतो. गरम लागणाऱ्या तारेने होत नाही.

प्रयोग असा. बारा व्होल्टची बॅटरी, १५ अँपिअरचा फ्यूज आणि मोटारीच्या पुढच्या दिव्याचे ६० वॅटचे दोन बल्ब समांतर. साधारण १० अँपिअर प्रवाह मिळतो. बल्ब फार तापतात, त्यांना हात लावू नका. याच मंडलात तुमचा जोड घाला. आधी बॅटरी सोडवून मल्टीमीटर ओहमवर ठेवून जोडाचा रोध मोजा. मीटर ०.२ किंवा ०.३ दाखवील, चांगल्या जोडालाही आणि वाईट जोडालाही; तो रोध मीटरच्या स्वतःच्या तारांचा आहे. बहुतेक जण येथेच थांबतात आणि ‘जोड ठीक’ म्हणतात. मग मीटर २०० मिलिव्होल्टवर ठेवा, दिवे लावा, आणि एक टोक केबलच्या उघड्या तांब्यावर, दुसरे लगाच्या चपट्या भागावर टेकवा. दहा अँपिअरला एक मिलिव्होल्ट म्हणजे एक दशांश मिलिओहम. साध्या, स्वस्त मीटरने तुम्ही ओहमचा दहा हजारावा भाग मोजलात! चांगला दाबलेला लग एखादा मिलिव्होल्ट, किंवा त्याहूनही कमी दाखवील. ठोकलेला किती दाखवतो ते तुम्हीच पाहा.

प्रत्येक जोडाला क्रमांक द्या, आकडे तारखेसह पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूस चिकटवा, आणि पावसाळा उलटला की त्याच दिव्यांवर तेच जोड पुन्हा मोजा.